विचारायचं कसं आणि विचारू द्यायचं कसं

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतल्या महिला गटांमध्ये नव्याने काम सुरू करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर.)

दोन दिवस आपण इथे बसलो आहोत. वनहक्क कायदा झाला, पेसा कायदा झाला, ग्रामसभेचं कामकाज झालं. प्रत्येक सत्राच्या शेवटी बोलणारी ताई विचारते, "कोणाला काही शंका?" आणि प्रत्येक वेळी सगळ्या गप्प. मग चहाची सुट्टी होते आणि हातपंपापाशी तुमच्यातल्या चौघीजणी एकमेकींना विचारतात, "सामूहिक हक्क मिळाला, तर मग माझ्या अतिक्रमणाच्या जमिनीचं काय?" म्हणजे प्रश्न नाहीत असं नाही. प्रश्न आहेत, पण बैठकीत यायला त्यांना वाट नाही. आज मला ह्या वाटेबद्दल बोलायचं आहे.

विषय लहान वाटेल. आपल्याकडे मोर्चा काढणं हे काम, निवेदन देणं हे काम, धरणं धरणं हे काम. प्रश्न विचारण्याला कोणी काम म्हणत नाही. पण माझा दहा वर्षांचा अनुभव असा आहे की ज्या गावात बायका नीट प्रश्न विचारू लागल्या, तिथे अर्धी कामं मोर्चाशिवाय झाली. जिथे विचारलं गेलं नाही, तिथे मोठा मोर्चा निघूनही कागद जागचा हलला नाही.

यात पणाला काय लागतं, ते आधी पाहू. वनहक्काच्या ग्रामसभेला गावातल्या निम्म्या सभासदांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात, असं २०१२ साली दुरुस्त झालेले नियम सांगतात. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याचीही तरतूद आहे. ह्या गोष्टी चळवळीने भांडून मिळवल्या. पण कितीतरी गावांत होतं काय? शिपाई घरोघरी रजिस्टर घेऊन फिरतो, बाई भाकरी थापता थापता अंगठा लावते आणि कोरम भरतो. किंवा बाई सभेला येते, मागच्या भिंतीला टेकून बसते आणि उठून जाते. रजिस्टरात ओळ पडते, 'ठराव सर्वानुमते मंजूर'. त्या ठरावात काय होतं? जंगलातला रस्ता, तेंदूचा ठेका, का कोणा कंपनीला जागा? "ठराव एकदा वाचून दाखवा न जी," एवढं जरी एकीने म्हटलं असतं तरी ती ओळ इतकी सहज लिहिली गेली नसती. कायद्याने बाईची हजेरी आणली. तिचा प्रश्न कायदा आणू शकत नाही. ते काम आपलं आहे.

बायका का विचारत नाहीत?

याचं सोपं उत्तर दिलं जातं की त्या अडाणी आहेत, लाजतात. मला हे उत्तर मान्य नाही. बाजारात टमाट्याचा भाव विचारताना ह्याच बाया लाजत नाहीत. चार दुकानं फिरून, तोलून मापून, उलटसुलट विचारून घेतात. म्हणजे विचारण्याची बुद्धी आहे, सरावही आहे. अडतं ते दुसरीकडेच.

पहिली गोष्ट वळणाची. मुलीने विचारलं तर त्याला आपल्याकडे प्रश्न म्हणत नाहीत, 'उलट बोलणं' म्हणतात. "तोंड वर करून विचारते" ही शिवी आहे. लहानपणी माहेरी, मग सासरी, हेच ऐकत मोठी झालेली बाई एका दिवसाच्या शिबिरात हात वर करील अशी अपेक्षा आपण करतो.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या दोन जिल्ह्यांत एक मराठी नाही. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, कोरचीकडे छत्तीसगढी, सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेऱ्याच्या गावांत बंगाली, आणि ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे झाडीबोली. ह्या सगळ्याजणींसमोर आपण शिबिरात कचेरीची मराठी बोलतो. 'दावेदार', 'पडताळणी', 'अभिलेख'. बाईला प्रश्न सुचतो गोंडीत. तो मनातल्या मनात मराठीत करायचा, मग कचेरीच्या मराठीत करायचा, आणि तेवढ्यात ताई म्हणते, "शंका नाहीत ना? चला, पुढे."

तिसरी गोष्ट हसण्याची. कोणी एकीने धीर करून विचारलं, "ग्रामपंचायत आणि ग्रामसभा एकच नं?" आणि जुन्या कार्यकर्त्यांपैकी दोघी गालातल्या गालात हसल्या, की त्या दिवशी त्या खोलीतले आणखी वीस प्रश्न मेले असं समजा. खरं पाहता तो प्रश्न फार मोलाचा आहे. ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे मतदार आणि ग्रामपंचायत म्हणजे त्यांनी निवडून दिलेले थोडे लोक, हा फरक न कळल्यामुळे किती गावांचं नुकसान झालं आहे!

चौथी गोष्ट भीतीची. विचारणारी बाई लक्षात राहते. मुन्शी लक्षात ठेवतो, सरपंच लक्षात ठेवतो, घरी नवरा विचारतो, "मोठी पुढारीण झालीस का?" पुढच्या हंगामात तिचं पान 'खराब' ठरतं. ही भीती कल्पनेतली नाही. म्हणून 'निर्भय व्हा' असा उपदेश पुरत नाही. तिच्या प्रश्नामागे आणखी दहाजणी उभ्या राहतील अशी व्यवस्था करावी लागते.

मेंढ्याचा अभ्यास गट

विचारण्याला जागा करून दिली तर काय होतं, याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही ह्या गावाची घोषणा सगळ्यांना पाठ आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावंही आपण ऐकली आहेत. पण घोषणेपेक्षा मला त्या गावाची एक साधी पद्धत जास्त महत्त्वाची वाटते. ती म्हणजे अभ्यास गट.

मेंढ्याने दोन जागा वेगळ्या केल्या. एक ग्रामसभा. तिथे निर्णय होतो, आणि तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. दुसरी जागा अभ्यास गटाची. तिथे निर्णय होत नाही. तिथे फक्त समजून घ्यायचं, चर्चा करायची, बाहेरचा जाणकार आला तर त्यालाही बसवून विचारायचं. यावंसं वाटेल तो येतो.

ही वेगळी जागा का महत्त्वाची? कारण निर्णयाच्या बैठकीत प्रश्न विचारला की तो विरोध वाटतो. "हिला काम होऊ द्यायचं नाही," असं लोक म्हणतात. अभ्यासाच्या बैठकीत तोच प्रश्न विचारला तर तो अभ्यासच असतो. नवीन बाईला आधी ही दुसरी जागा लागते. तिथे चार वेळा विचारून जीभ मोकळी झाली, की ती ग्रामसभेत बोलते. सर्वसहमतीचा नियमही इथे उपयोगी पडतो. एकीची शंका राहिली तरी निर्णय थांबतो, त्यामुळे तिची शंका ऐकून घेणं ही इतरांची गरज होते. बहुमताच्या सभेत तिला हात मोजून गप्प करता येतं.

अशा वर्षानुवर्षांच्या विचारण्यातून त्या गावाला आपलं जंगल, आपले जुने निस्तार हक्क, कायदा हे सगळं कळत गेलं. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा गाव तयार होतं. २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्काचा दाखला मिळाला. देशात असा हक्क मिळवणारं ते पहिल्यांपैकी एक गाव.

पण हक्काचा कागद मिळाला तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या शब्दात बांबूही धरला होता. वनहक्क कायद्याने मात्र बांबू स्पष्टपणे गौण वनोपजात घातला आणि गौण वनोपजाची मालकी गावाला दिली. ह्या साऱ्या झगड्याचा गाभा एका ओळीत मावतो. ह्या कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, तर परवाना कोणत्या नियमाने अडवला? शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. पुढे २०१७ साली वन कायद्यातल्या 'झाड' शब्दातूनही बांबू काढण्यात आला.

हा प्रश्न विचारायला काय लागलं ते बघा. 'आमच्यावर अन्याय का?' एवढंच विचारून भागलं नसतं. त्याला साहेब म्हणाला असता, "अन्याय नाही, वरून आदेश आहे." कायदा कोणता, शब्द कोणता, अडवणारा कागद कोणता, इथपर्यंत प्रश्न नेला तेव्हा त्याला उत्तर देणं भाग पडलं.

चांगला प्रश्न म्हणजे कोणता?

आता नव्या मैत्रिणींसाठी थोडं कामाचं सांगते. चांगला प्रश्न म्हणजे शुद्ध भाषेतला किंवा मोठ्या शब्दांतला प्रश्न नव्हे. ज्या प्रश्नाचं उत्तर देता येतं आणि टाळता येत नाही, तो चांगला प्रश्न.

एक उदाहरण देते. मी काम करते त्या भागातल्या एका गावात तेंदूच्या हंगामानंतर बायका म्हणत, "आमाले पैसे कमी भेटले." मुन्शी म्हणे, "पानं खराब होती." दरवर्षी हाच सवाल, हाच जवाब. एका वर्षी एक बाई, तिसरी शिकलेली, फळीवरून आली की घरच्या भिंतीवर कोळशाने रेघ ओढत असे. जेवढे दिवस पान दिलं तेवढ्या रेघा, आणि प्रत्येक रेघेपुढे किती पुडे ते. आपल्याकडे एका पुड्यात सत्तर पानं असतात, तेव्हा पुडे मोजणं तिला काही अवघड नव्हतं. हिशेबाच्या दिवशी तिने विचारलं, "दादा, मी अकरा दिवस पान टाकलं. कार्डावर आठ दिवसांचीच नोंद हाये. राहिलेले तीन दिवस कोणत्या वहीत हायत?" मुन्शीला 'पानं खराब होती' असं म्हणायची सोय राहिली नाही, कारण तिने पानांबद्दल विचारलंच नव्हतं. वही उघडावी लागली. मग बाकीच्या बायकांनीही आपापली कार्डं पुढे केली. कितीजणींचे दिवस गळले होते ते सगळ्यांसमोर दिसलं, आणि ग्रामसभेने ठेकेदाराकडून ते पैसे भरून घेतले.

ह्या बाईच्या प्रश्नात पाच गोष्टी होत्या. त्या कोणत्याही प्रश्नाला लागू पडतात, म्हणून हाताच्या पाच बोटांवर मोजून ठेवा.

अंगठा : मला काय करायचं होतं किंवा काय मिळायचं होतं? (अकरा दिवसांचे पैसे.)

पहिलं बोट : मी काय केलं? (रोज पान फळीवर दिलं, रेघ ओढली.)

मधलं बोट : प्रत्यक्ष काय झालं? (आठच दिवसांची नोंद.)

अंगठीचं बोट : माझ्याकडे कोणता कागद किंवा खूण आहे? (कार्ड आणि भिंतीवरच्या रेघा.)

करंगळी : मला आता नेमकं काय कळायला हवं? (तीन दिवस कोणत्या वहीत आहेत.)

पाचही बोटं प्रत्येक वेळी भरतीलच असं नाही. एखादं रिकामं राहिलं तर तेच आपलं पुढचं काम. कागद नसेल तर कागद मागायचा. काय करून पाहायचं ते ठाऊक नसेल, तर तेच विचारायचं. आणि एका वेळी एकच प्रश्न. घरकुल, रेशन आणि वनहक्क एका दमात विचारलं तर समोरचा माणूस त्यातला सोपा प्रश्न उचलतो आणि बाकीचे बुडवतो.

'का' ह्या शब्दाबद्दलही थोडं. आपल्याला सगळ्यांत आधी 'का' सुचतं. आपसात बोलताना 'का' हवाच, त्याशिवाय अन्यायाचं मूळ सापडत नाही. पण कचेरीत गेलात तर आधी 'कोणता, कधी, किती, कोणी, कुठे' विचारा. 'का' ला माणूस गोष्ट सांगतो, 'किती' ला त्याला आकडा द्यावा लागतो.

दवाखान्यातही हेच. नवजात बाळाची आई म्हणते, "बाळाले बरं नाही वाटत." यावर कोणीही "होईल बरं" म्हणून मोकळं होतं. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्यात श्वास मोजणं होतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास एका मिनिटात साठ किंवा जास्त भरले तर धोका. 'बरं नाही' चं झालं 'मिनिटाला बासष्ट'. असं बोलणाऱ्या बाईला हाकलून देता येत नाही. घरी जाऊन करायच्या अशा काळजीतून एकोणचाळीस गावांतले नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले, हे १९९९ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यात औषधं होती, देखरेख होती, पुष्कळ काही होतं. पण मोजता येईल असं विचारायला शिकलेल्या गावच्या बायाही होत्या.

कागदावरचा प्रश्न

तोंडी विचारून उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तीही नाही. तीस दिवसांत उत्तर. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा सवाल असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची सक्ती नाही, म्हणून "तुला कशाला पाहिजे?" असं कोणी म्हटलं तर गप्प राहा, अर्ज पुढे करा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घ्यायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचंच काम आहे, असं कायदा म्हणतो. ही तरतूद आपल्या कितीजणींना माहीत आहे?

आपल्या राज्याच्या २०१२ च्या नियमाने अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांचा केला. ह्या मर्यादेवर टीका झाली आणि ती रास्त आहे. पण आहे तोवर तिच्यातून मार्ग काढायला हवा, आणि तो पाच बोटांतून निघतो. 'आमच्या गावच्या रस्त्याचं काम निकृष्ट का झालं?' ह्याला उत्तर येणार नाही, कारण अधिकाऱ्याने मत द्यायचं नसतं, कागद द्यायचा असतो. 'अमुक गाव ते अमुक गाव रस्त्याची मंजूर रक्कम, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि ठेकेदाराला दिलेल्या बिलांच्या प्रती द्याव्यात.' ह्याला कागद येतो. तीस दिवसांत आला नाही तर अपील करता येतं. कागद हाती आला की निकृष्ट काम का झालं ते आपलं आपल्यालाच दिसतं.

आता जुन्या मैत्रिणींना

इथवर मी नव्यांशी बोलले. पण माझा खरा मुद्दा पुढे आहे. चांगल्या प्रश्नाचं सगळं ओझं आपण नवीन बाईच्या डोक्यावर टाकलं, तर आपण आणखी एक दार बंद केलं असं होईल. "आधी पुस्तिका वाचून ये, मग विचार." "हे मागच्या शिबिरात सांगितलं होतं." "प्रश्न नीट मांड." कचेरीतल्या बाबूने असं म्हटलं की आपल्याला राग येतो. आपल्या तोंडी तेच शब्द आले की त्याला आपण शिस्त म्हणतो. पाच बोटं हे तिला शिकवायचं साधन आहे, तिची परीक्षा घ्यायची फूटपट्टी नाही. अर्धामुर्धा प्रश्न घेऊन आलेल्या बाईबरोबर बसून तो पुरा करणं हे कार्यकर्तीचं काम.

आपण ऐकायला बसलो की काय बाहेर येतं, याचंही उदाहरण ह्याच जिल्ह्यातलं आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा ह्या दोन गावांत साडेसहाशे बायकांची तपासणी केली आणि तो अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. शंभरातल्या ब्याण्णव बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक अवयवांचा काही ना काही आजार होता. अशी तपासणी त्याआधी झालेल्या बायका शंभरात आठच. आजार होता, दुखत होतं, बायका आपसात बोलतही होत्या. पण सरकारी आरोग्यसेवेला बाई म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच दिसत होतं. दुखतं कुठे हे विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून ते दुखणं नोंदीतही नव्हतं. राणीताईंच्या पुस्तकाचं नावच 'कानोसा' आहे. बाई तोंडाने जे विचारत नाही, त्याचाही कानोसा घ्यावा लागतो.

हे रोजच्या कामात कसं आणायचं? मला उपयोगी पडलेल्या काही गोष्टी सांगते.

"काही शंका?" असं विचारणं सोडून द्या. त्याचं उत्तर 'नाही' हेच ठरलेलं असतं. त्याऐवजी दोघी-दोघींच्या जोड्या करा, पाच मिनिटं द्या, आणि म्हणा, "प्रत्येक जोडीने एक प्रश्न आणायचा." मग तो कोणा एकीचा राहत नाही, जोडीचा होतो. चूक झाली तरी दोघींची. ज्या बोलीत सुचेल त्या बोलीत विचारू द्या. भाषांतर करायची जबाबदारी आपली.

प्रश्न आला की लगेच उत्तर देऊ नका. आधी तीन गोष्टी विचारा, "कधीपासून? काय करून पाहिलं? आता नेमकं काय हवं?" हे दरडावून विचारलं तर उलटतपासणी होते, शेजारी बसून विचारलं तर मदत. फरक आवाजाचा आहे.

तिचा प्रश्न तिच्या शब्दांत लिहा. आपण काय करतो, ती म्हणते "जंगलात गेली तर गार्ड कुऱ्हाड हिसकते" आणि आपण वहीत लिहितो 'वनविभागाकडून त्रास'. कुऱ्हाड गेली, गार्ड गेला, आणि प्रश्नही गेला. कोणता दिवस, कोणतं जंगल, कुऱ्हाड घेतल्याची पावती दिली का, हे त्या साध्या वाक्यातूनच पुढे विचारता येतं.

उत्तर माहीत नसेल तर तसं म्हणा. "मला माहीत नाही, पुढच्या बैठकीपर्यंत शोधते," हे वाक्य मोठ्या कार्यकर्तीच्या तोंडून ऐकलं की नवीन बाईला कळतं, माहीत नसणं ही लाजेची गोष्ट नाही. पण मग शोधायला हवं. त्यासाठी प्रत्येक गटात एक प्रश्नवही ठेवा. प्रश्न, तारीख, शोधायची जबाबदारी कोणाची, उत्तर काय मिळालं. पुढच्या बैठकीची सुरुवात ह्या वहीने करा. जिने विचारलं तिचं नाव घेऊन उत्तर सांगा, तिची हरकत नसेल तर. नाव घेण्यात धोका असेल तिथे 'गटाचा प्रश्न' म्हणा. दोन वर्षांत ही वही म्हणजे गावाचं कायद्याचं पुस्तक होते. पुढच्या नवीन बाईला तोच प्रश्न पडला की कोणी हसत नाही, वही काढून वाचून दाखवतात.

आणि उत्तर मिळालं की ते जिने विचारलं तिनेच दुसऱ्या गावात सांगावं. काल जी विचारत होती ती आज सांगते आहे, हे पाहिलं की तिथल्या बायकांची जीभ सुटते. आपण शहरातून जाऊन दहा भाषणं दिली तरी तसं होत नाही.

शेवटी एक सांगते. चांगला प्रश्न विचारूनही उत्तर मिळत नाही, असं पुष्कळदा होईल. साहेब बदलून जाईल, फाईल सापडणार नाही. तेव्हा मोर्चा आहे, धरणं आहे, कोर्ट आहे. ते सोडा असं मी म्हणत नाही. पण मोर्चातल्या प्रत्येक बाईला आपण काय विचारायला आलो आहोत हे नेमकं सांगता आलं पाहिजे. नाहीतर निवेदन पुढारी देतो, उत्तर पुढाऱ्याला मिळतं, आणि बाई पुन्हा मागच्या भिंतीला टेकून बसते.

तर मैत्रिणींनो, मी आता थांबते. "काही शंका?" असं विचारणार नाही. शेजारणीबरोबर जोडी करा. जुनी असेल तिने नवी शोधावी. पाच मिनिटांत एक प्रश्न आणा, ज्या बोलीत येईल त्या बोलीत. वही माझ्यापाशी आहे.